भारताची खुर्ची

"फिरदोस, आज तू पाकिस्तान घे," विरुपाक्ष सर म्हणाले. अगदी चहा घे म्हणावं तसं.

फिरदोस त्यांच्याकडे बघतच राहिली.

कुठला देश उद्या काय चाल खेळेल, ते आधीच ताडून सांगायचं, हा जुळे सोलापुरातल्या या छोट्याशा ऑफिसचा धंदा. एकेका देशाच्या नावानं एकेक एआय एजंट. तो आपल्या देशाच्या बाजूनं विचार करणार, दुसऱ्याशी वाद घालणार, आणि त्याला वळण लावायला शेजारी एक माणूस बसणार. भारताचा एजंट फिरदोसचा. सुरुवातीला तो मेला ऊठसूट हल्ल्याचीच भाषा करायचा. तिनंच त्याला दमानं घ्यायला शिकवलं. तेल अडलं तर काय, खत अडलं तर काय, आखाताची वाट बंद झाली तर सोलापूरचा टॉवेल कुठं तुंबून राहील, इथपर्यंत सगळं त्याच्या डोक्यात भरलं. डबा कितीदा तसाच घरी गेला. आणि आज दिल्लीचे पाहुणे पडद्यावर येऊन ते सगळं बघणार, तर हिला म्हणे पाकिस्तान घे!

"आणि भारत?"

"नंदीश बसेल की. सूचना तुझ्याच आहेत, त्यानं नुसतं चालवायचं."

पलीकडच्या टेबलावर नंदीश मान खाली घालून माऊसची वायर सरळ करत बसला.

"पण सर, पाकिस्तानला मीच का?"

"अगं, तुझं उर्दू चांगलंय. आणि..." सर जरासे हसले. "पाहुण्यांना खरं वाटेल गं."

खरं वाटेल! फिरदोसच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, तुमच्या घरी कन्नड बोलतात. मागं आपण सीमावादाचा डाव मांडला, तेव्हा महाराष्ट्राकडून तुम्हीच बसलात. तुम्हाला म्हणालं का कुणी, कर्नाटक घ्या, खरं वाटेल म्हणून?"

सरांचं हसू मावळलं. "ते वेगळं."

"काय वेगळं?"

सर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"इतकं काय मनाला लावून घेतेस?" सर शेवटी चिडून म्हणाले. "खेळच तर आहे!"

"खेळच आहे ना? मग तुम्ही घ्या पाकिस्तान."

ती तडक भारताच्या टेबलाशी गेली. नंदीश आधीच तिथं येऊन बसला होता. "ऊठ," ती म्हणाली. तो उठला. सॉरी म्हणाला बिचारा, पण इतकं हळू, की त्याचं त्यालाच ऐकू गेलं असेल.

तेवढ्यात भिंतीवरचा पडदा उजळला. तिघे पाहुणे दिसले. नमस्कार झाले, चौकशा झाल्या.

"भारताची बाजू कोण सांभाळणार?" मधल्या पाहुण्यांनी हिंदीत विचारलं.

सरांनी नंदीशकडे पाहिलं. फिरदोसनं माइक आपल्याकडे ओढला.

"मी. फिरदोस शेख, सोलापूर."

पलीकडून काही आवाज येईना.

"नेटवर्क गेलं वाटतं," विरुपाक्ष सर घाईघाईनं म्हणाले.

नेटवर्क कुठलं जातंय! पडद्यावर तिघांच्याही पापण्या हलताना स्वच्छ दिसत होत्या.