करंजाची जाळी

“जाळी काढली, तर हे झाड मी लावलंय हे लोकांना कळणार कसं?” एवढं बोलून नगरसेवक नानासाहेब कडक इस्त्रीचे कपडे उचलून निघाले.

ताराबाई जाळीकडे बघत राहिल्या. रोपाला गुरांनी तोंड लावू नये म्हणून बसवलेली ती लोखंडी जाळी आता करंजाच्या सालीत रुतली होती आणि एका बाजूची पानं वाळत चालली होती. खोड भरलं की जाळी काढायची, हा महापालिकेचाच नियम. पण जाळीलाच वेल्ड केलेल्या पत्र्यावर नानासाहेबांचा फोटो, आणि त्याहून मोठा त्यांच्या पक्षाध्यक्षांचा. उद्यान खात्याची माणसं येत, फोटोंकडे बघत आणि शेजारच्या झाडाला पाणी घालून जात. करंज गेला, तर ताराबाईंची इस्त्रीची गाडी भर उन्हात येणार होती.

सोमवारी सकाळी नानासाहेब स्वतःच कटरवाला घेऊन हजर झाले. घामाघूम.

“लवकर काप रे! साहेबांची मिरवणूक निघालीय.”

“कुठले साहेब?” ताराबाईंनी विचारलं.

“नवे. कालच माझा पक्षप्रवेश झाला.” नानासाहेबांनी गळ्यातलं नवं उपरणं सारखं केलं. “जुन्यांचा फोटो दिसला, तर माझं तिकीट गेलं.”

जाळी तुकड्यातुकड्यांनी निघाली. खोडावर खोल वळ होते, पण साल अजून ओली होती. ताराबाईंनी त्यावरून हात फिरवला.

“नानासाहेब, अधूनमधून असा पक्ष बदलत जा,” त्या म्हणाल्या. “झाडाला मानवतं.”