गोळीला गोळी

जोसायाने ती बंदूक तिसऱ्यांदा उचलली. नळी वर जाता जाता थरथरली आणि खाली आली.

“काका, ही बंदूक नाही, तोफ आहे,” दुकानदार वॉल्टर म्हणाला. “रानहंस मारायचेत की विमान पाडायचंय?”

“आधी हंस पाडू. विमानाचं मग बघू.”

वॉल्टर हसला. हॅरिएट हसली नाही. ती बापाकडे पाठ करून बाळांच्या लंगोटांच्या फळीपाशी उभी होती. जेम्स उपसागराच्या काठच्या या गावात हे एकच दुकान. लंगोट इथेच, काडतुसंही इथेच. हंसांच्या शिकारीची सुट्टी चार दिवसांवर आली होती. शाळा बंद होणार, अख्खं गाव तंबू घेऊन खाडीवर जाणार. आणि तिची पाच वर्षांची नेली पोट धरून घरी पडली होती.

गेल्या वर्षी नेलीला सगळ्या पाखरांची नावं येत होती. आता ती चमच्याकडे बोट दाखवायची आणि रडायची. शब्द सापडायचा नाही. पोरीच्या रक्तात शिसं आहे, दवाखान्यातली नर्स म्हणाली. जुना रंग, नळ, खेळणी, येतंय कुठून ते शोधा. नाहीतर गेलेले शब्द परत यायचे नाहीत.

हॅरिएटने खिडक्यांच्या जुन्या चौकटी काढायला लावल्या. नळाचं पाणी बंद केलं. रंगीत खेळणी फेकली, नेलीचं लाल बदकसुद्धा. मागच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासलं. शिसं होतं तेवढंच होतं.

“जुन्या बंदुकीनं काय घोडं मारलंय तुमचं?” वॉल्टर विचारत होता. “वल्ह्यासारखी हलकी आहे. आणि तुम्हाला लांबचा नेम लागतोच कशाला? तुम्ही साद घातली की हंस मांडीवर येऊन बसतात.”

“जुनी नको.”

“मग ही नवी बारा बोअर घ्या. हिच्यापेक्षा पुष्कळ हलकी.”

“हलकी लाथ मारते. खांद्याचं हाड मोडलंय माझं. जड असली की धक्का स्वतःच गिळते.”

हॅरिएट गर्रकन वळली.

“बाबा, पोरगी चमचा विसरली. आणि तुम्ही इथं खेळणी निवडताय?”

जोसायाने हातातली बंदूक खाली ठेवली. बाहेर गेला. गाडीतून पत्र्याची पेटी आणि चाळीस वर्षं खांद्याला लावलेली जुनी बंदूक घेऊन आला. दोन्ही त्याने वॉल्टरपुढे ठेवली. पेटीत काडतुसं गच्च भरलेली होती.

“ही ठेवून घे. कुणाला विकू नकोस. मला पोलादी छर्ऱ्यांची दे. जुन्या नळीला पोलाद सोसत नाही, म्हणून ही तोफ.”

वॉल्टरने एक काडतूस उजेडात धरलं. “अहो, ही तर शिशाची...” आणि तो थांबला.

हॅरिएटच्या हातातला लंगोटांचा पुडा खाली पडला.

तंबूत हंस दोरीला टांगलेला असे. जाळासमोर गोल गोल फिरे, चरबी ठिबके. जेवताना कुणाच्या दाताखाली छर्रा आला की तो पत्र्याच्या ताटलीत टाकायचा. टण्! अख्खा तंबू टाळ्या पिटायचा. पोरं छर्ऱ्याला गोळीच म्हणत. जोसाया खिशातून लिमलेट काढून द्यायचा. गोळीला गोळी. उरलेलं मांस फ्रीजरमध्ये जाई आणि वर्षभर घरात हा खेळ चाले. सगळ्या पोरांच्या ताटल्या वाजत. नेलीची कधीच वाजली नाही. तिलाही एखादी मिळावी म्हणून हॅरिएटच तिला आणखी मांस वाढायची.

जोसायाने जड बंदूक चौथ्यांदा खांद्याला लावली. या वेळी नळी वर राहिली. त्याचे डोळे नळीवरच होते. मुलीकडे वळले नाहीत.

“आज सकाळी नेलीनं अडखळत अडखळत मला कानात विचारलं,” तो म्हणाला. “‘आजोबा, मी माझ्या गोळ्या ताटलीत टाकल्याच नाहीत. सगळ्या पोटात जपून ठेवल्यात. आता एकदम वाजवू?’”