पंधराची पत्ती

दिवाकरने चौथा टॅपेट लावला, नट आवळला आणि हात पुसले. अनुश्रीने लगेच पत्ती उचलली आणि त्याच टॅपेटमध्ये पुन्हा घालून पाहिली. सकाळपासून हे चौथ्यांदा होत होतं. दिवाकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटची पोर होती म्हणून ती वाचली. दुसरं कोणी असतं तर पाना फेकून मारला असता.

रायपूरच्या बूढापारा वस्तीतल्या त्याच्या गॅरेजात स्टँडवर जुन्या अँबेसिडरचं इंजिन चढवलेलं होतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, सगळं मोजूनमापून बसवून झालं होतं. उरले होते व्हॉल्व्ह दाबून उघडणारे आठ टॅपेट. प्रत्येकाचा स्क्रू असा लावायचा, की खाली पंधरा थाऊची फट राहील. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. फट जास्त झाली तर इंजिन खडखडतं, कमी झाली तर व्हॉल्व्ह जळतो. मोजायला पोलादाची पातळ पत्ती असते, पण खरं माप असतं ते बोटात. पत्ती अडकताही कामा नये आणि सुळकन निघताही कामा नये. पापडाचं पीठ दोऱ्याने कापताना हाताला जेवढं जाणवतं, तेवढंच जाणवलं पाहिजे.

या कामात रायपुरात दिवाकरचा हात धरणारा कोणी नव्हता. चाळीस वर्षांत त्याने बांधलेलं एकही इंजिन परत आलं नव्हतं, आणि कोणी विचारलं नाही तरी तो हे सांगायचाच.

आणि आता ही पोट्टी. डिप्लोमा करून गॅरेजात आली तेव्हा अख्खा बूढापारा हसला होता. पोरीच्या जातीनं पाना धरू नये म्हणणाऱ्यांची तोंडं दिवाकरनेच बंद केली होती. आता ती चारचौघांत बापाचंच काम तपासत होती. छान पांग फेडत होती.

चारचौघांत म्हणजे विनायकरावांच्या देखत. गाडी त्यांचीच. चौबे कॉलोनीतून ते रोज सकाळी येत आणि स्टूल ओढून इंजिनासमोर बसत. पाचवा टॅपेट झाला तेव्हा त्यांनी चहाचा घोट घेत विचारलं, "दिवाकरभाऊ, पोरीनं पास केलं ना?"

त्यांनी सहज विचारलं होतं. दिवाकरला मात्र कोणी कानाखाली वाजवावी तसं झालं. त्याने सहावा टॅपेट दात-ओठ खात लावला आणि बाजूला झाला. अनुश्रीने पत्ती घातली. मग नट सैल केला, स्क्रू केसभर फिरवला आणि नट पुन्हा आवळला. म्हणजे ती नुसती तपासत नव्हती, त्याचं काम बदलत होती.

"तू माह्या मागून काहून फिरवून राहिली?" दिवाकर गरजला. "माह्यावर भरोसा नसंल तं सरळ बोल. मी घरी बसतो."

विनायकराव कप ठेवायच्या निमित्ताने बाहेर निघून गेले. मग दिवाकरच्या तोंडाला कोणी आवर घालणारं उरलं नाही. त्याने तिच्या हातातला पाना हिसकावला, सहावा टॅपेट पुन्हा सैल केला, पुन्हा स्वतः लावला, आणि हात चालत होते तितका वेळ तोंडही चालत होतं. तिचा डिप्लोमा काढला, तिचं शिष्टपण काढलं, शेवटी आजपासून गॅरेजात पाय ठेवायचा नाही असंही सांगून टाकलं. अनुश्री नुसतं "हव" म्हणाली. सातवा-आठवा होऊ द्या, मग जाते, म्हणाली. तिच्या त्या थंडपणाने तो जास्तच भडकला.

तेवढ्यात त्याची नजर इंजिनाच्या वरच्या भागावर, हेडवर गेली. सहाव्या टॅपेटजवळ, धुऊनपुसून ठेवलेल्या लोखंडावर, रक्ताचे चार-पाच थेंब होते. दिवाकरला असलंच काहीतरी हवं होतं.

"हे पाहा. बोट कापून घेतलं अन् इंजिनात रक्त सांडून राहिली. येवढंही समजत नाही तुले?"

अनुश्रीने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. हात तेलाने काळे झाले होते. रक्त कुठेच नव्हतं.

दिवाकरने आपला हात पाहिला. हेड नुकतंच प्लेन करून आणलेलं, त्याच्या धारदार कडेने अंगठा चांगला खोल चिरला होता. रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

ती त्याला कोपऱ्यातल्या नळावर घेऊन गेली. बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलली. "तुमच्या बोटाले पत्ती समजतच नाही, बाबा. शुगरनं झालं ते. दोन वर्ष झाले, मी मागून लावून राहिली."

दोन वर्षांतली इंजिनं दिवाकरच्या डोळ्यांपुढून गेली. भीती वाटली तसा रागही दुप्पट झाला. साफ खोटं आहे, तो म्हणाला. मिस्त्रीचे हात आहेत, कातडं राठ झालंय, बाकी काही नाही. दोन वर्षं बापाला फसवलंस, म्हणाला.

अनुश्रीने फळीवरून टिंक्चरची बाटली काढली आणि त्याचा हात हातात घेतला. दिवाकरने तोंड फिरवलं, डोळे घट्ट मिटले आणि दात आवळले. आता झोंबेल. झोंबलंच पाहिजे. जन्मात पहिल्यांदा तो झोंबण्याची वाट पाहत होता. एक क्षण गेला, दुसरा गेला, मग बराच वेळ गेला.

"लाव ना लवकर," तो डोळे मिटूनच खेकसला.

"लावून झालं, बाबा."