सहावा प्रश्न

पाच प्रश्नांची उत्तरं प्रमिलानं धडाधड दिली आणि सहाव्यापाशी तिची बोलतीच बंद झाली.

"सियापा नामा सुआमी इबू?" प्रभाकरनं पुन्हा विचारलं. म्हणजे, बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

नाव काय ते सगळ्या सौसर गावाला माहीत होतं. नवरा हातभर अंतरावर मांडी घालून बसला होता. प्रमिलानं पदर सारखा केला आणि खाली बघत राहिली.

हिरामणला इंडोनेशियात, जकार्ताजवळच्या एका सूतगिरणीत फिटरची नोकरी लागली होती. करार तीन वर्षांचा. बायकोला आणि पोरीला सोबत न्यायचं तर बायकोनं नागपुरात साहेबापुढं तिथल्या भाषेतल्या दहा साध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, अशी गिरणीची अट होती. आधीच्या दोन कामगारांनी नेलेल्या बायका दुकानात मीठसुद्धा मागता येईना म्हणून चार महिन्यांत रडत परतल्या होत्या. मुलाखत उद्या सकाळी होती. प्रभाकर त्याच गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. सुटीवर शेजारच्या रामाकोन्याला घरी आलेला. पंधरा दिवस तो रोज सायकल हाणत येऊन शिकवत होता.

"लय सोपी भाषा आहे वहिनी," त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "काल गेला, आज जाते, उद्या जाईन, सारं एकच. एक पोरगं असलं तं अनाक, चार असले तं अनाक-अनाक. झालं व्याकरण."

आणि खरंच, पाण्याला आयर, भाताला नासी, मिठाला गाराम, हे सगळं प्रमिलानं भाकरी थापता थापता पाठ केलं. हिरामण अजून पाण्याला नासी म्हणत होता. त्याची परीक्षा नव्हती, हे त्याचं नशीब. सहावा प्रश्न आला की मात्र ती रोज हसून वेळ मारून न्यायची. आज ते चालण्यासारखं नव्हतं.

"लग्नात घेतलंच असंल नं नाव?" प्रभाकर म्हणाला.

"ते उखाण्यात, भाऊजी. असं कोरडं नाही घेतलं कधी."

"साहेब थोडाच उखाणा ऐकत बसते?"

हिरामण वैतागला. "घे नं! मी काय मरून राहिलो का लगेच? का तीन वर्षं इथंच बसतं?"

तिला जायचं होतं. तीन वर्षं त्याच्यावाचून काढायची या विचारानंच तिचा जीव घाबरा व्हायचा. पण बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हेही ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि तोच नवरा आता समुद्रापार निघाला होता.

"काही घ्यायचं नाही," दारात सूप घेऊन बसलेली शकुबाई म्हणाली. सून परदेशी निघाली हे सासूला तसंही फारसं रुचलं नव्हतं. "मी नाही घेतलं. मतदानाच्या यादीवाले येत, रेशनवाले येत. मी या हिरामणकडं बोट दाखवो. याच्या बापाचं नाव यालेच विचारा म्हणो. एका शब्दानं नाही घेतलं मी, कधीच."

सुपातल्या तुरीवरचा तिचा हात थांबला.

"तरी गेलेच," ती म्हणाली. "छत्तीस वर्षांचे होते."

मग तिनं सूप बाजूला सारलं. "बाबू, काय म्हणा लागते थे? नामा सुआमी..."

"साया," प्रभाकर चाचरत म्हणाला. "नामा सुआमी साया. आन् मग नाव."

"नामा सुआमी साया," शकुबाई म्हणाली. "श्रावण."

हिरामणनं आईकडं पाहिलं. बापाचं नाव तिच्या तोंडून तो आज पहिल्यांदा ऐकत होता.

"घे पोरी," शकुबाई म्हणाली. "आता तू घे. काही होत नाही."

"नामा सुआमी साया हिरामण," प्रमिला एका दमात म्हणून मोकळी झाली. हिरामण उगाच खाकरला.

प्रभाकर घाईघाईनं सातव्या प्रश्नाकडं वळला. मुलं किती? "सातू," तिनं एक बोट वर केलं. आठवा झाला, नववा झाला. दहाव्याचं उत्तर देताना तर तिला हसूच येत होतं.

"श्रावण," दारातून शकुबाई म्हणाली.

तिला कोणी काही विचारलं नव्हतं.