चौथा कोपरा

उकडलेलं डुकराचं मुंडकं. ओठांवर हसू.

ज्योतिषिणीने काढून दिलेला दिवस.

काँक्रीटमध्ये चार भोकं.

पांढरी रेघ.

नट पुरता आवळला की ‘कट्’ म्हणणारा पाना चौथ्या नटावर ‘कट्’ म्हणाला नाही. गीसोकने पुन्हा जोर लावला. नटाबरोबर आख्खा बोल्टच फिरला आणि बोटभर वर आला. बोल्ट भोकात घट्ट धरणारं केमिकल त्याला दह्यासारखं मऊ चिकटलं होतं. गीसोकने ते नाकाशी नेलं.

“माक्कोल्ली,” तो म्हणाला.

सकाळी कारखान्यात डुकराचं मुंडकं मांडून, अपघात होऊ नये म्हणून नव्या रोबोची पूजा झाली होती. मालकांनी रिवाजाप्रमाणे रोबोच्या जागेच्या चारी कोपऱ्यांत ही तांदळाची दारू ओतली होती. रोबोच्या प्लेटच्या बोल्टांची भोकं त्या कोपऱ्यांतच होती.

जोडीदार बान अवजारांच्या पेटीला टेकून बसला होता. त्याने डोळे उघडले नाहीत. “भोकांत हवा मारली होतीस ना, दादा?”

“वरचं वाळलं. तळ ओलाच राहिला. ओल्यात केमिकल धरत नाही.”

“तीन घट्ट आहेत. चौथ्यावर रेघ ओढ आणि चल. माझे गुडघे गेले.”

नट पुरता आवळला की त्याच्यावरून खालच्या प्लेटवर पांढरी रेघ ओढायची. रेघ दिसली की मग तिथे कुणी पाना लावत नाही.

मालक आले. अंगात सकाळचाच सूट. “झालं? सूर्य बुडायच्या आत रोबोचा हात हलला पाहिजे. नाहीतर चांगला दिवस पुढच्या महिन्यात.”

“हात हलेल, मालक. मग प्लेटही हलेल.”

“तीन आहेत ना?”

“हा लोखंडी हात वजन घेऊन चौथ्या बाजूला झुकतो. तिथे कोण असणार?”

मालकांनी तिकडे पाहिलं. त्या बाजूच्या टेबलाशी कामगार योनोक पूजेच्या मुंडक्याचा कान कापत होती. उद्यापासून तिथेच उभं राहून तिने रोबोला सुटे भाग द्यायचे होते.

गीसोकने पांढऱ्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन मालकांपुढे धरलं. “मग रेघ तुम्ही ओढा.”

आता बानने डोळे उघडले.

मालक पेन घेऊन, कमरेवर हात ठेवून वाकले. पेनाचं टोक नटाच्या वर थांबलं.

“नवीन भोक पाडलं तर?”

“शेजारी पाडू. केमिकल धरायला उद्याची दुपार होईल.”

“उद्याचा दिवस वाईट आहे.”

“हो.”

“अहो मालक!” योनोक ओरडली. “कान गार झाला की चामडं होतो. आधी खा, मग भांडा.”

मालकांनी पेनाला टोपण लावलं. बानने एक शिवी पुटपुटली आणि ड्रिलची वायर ओढून घेतली.

सकाळी मालकांनी चौथ्या कोपऱ्यात सगळ्यांत जास्त दारू ओतली होती, कारण त्या बाजूला योनोक उभी राहणार होती.