वेणीची अट

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिरंदाज पोरीचा दुखावलेला खांदा तपासला आणि तिच्या प्रशिक्षकांना ठणकावलं, "ही स्वतःची वेणी स्वतः घालेल, त्या दिवशी धनुष्य हातात द्या. तोवर नाव काढायचं नाही!"

"अहो, स्पर्धा तोंडावर आलीय!" सर असे कळवळले, की जणू खांदा त्यांचाच निखळला असावा.

पुढच्या आठवड्यात बाई मैदानावर डोकावल्या, तर पोरगी डोक्यावर टोपी घालून, ओठ आवळून धनुष्य ताणत होती.

"दुखतंय का गं?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नाही," सरांनीच उत्तर दिलं.

"आणि वेणी? घालता आली हिला?"

"तो प्रश्नच मी निकालात काढला," म्हणत सरांनी ऐटीत तिची टोपी उचलली. खाली नवाकोरा बॉयकट होता.