मळके बूट

स्टार खेळाडूनं बायकोचा हात मोडल्याची तक्रार पोलिसांत गेली, तेव्हा फुटबॉल क्लबच्या अध्यक्षांनी नियमांची अख्खी वही चाळली. सरावाला उशीर झाल्यास एक सामना बाहेर. मळके बूट घातल्यास तीन, हे कलम त्यांचं स्वतःचं, लाडकं. बायकोला मारण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. "नियमच नाही, मी तरी काय करणार? घरचं भांडण घरात मिटवा," त्यांनी हात झटकले. चहा घेऊन आलेल्या मावशींना ते झोंबलं. खेळाडूंनी आपापले बूट स्वतःच घासायचे, असा दंडक होता. पण या लाडोबाचे बूट सहा वर्षं मावशीच गुपचूप घासत होत्या. फायनलच्या सकाळी त्यांनी ब्रशला हातच लावला नाही. संघाची पाहणी करताना चिखल दिसला आणि अध्यक्षांचा पारा चढला. "तीन सामने बाहेर! असलं वागणं या क्लबमध्ये खपवून घेतलं जाणार नाही!"